शिंकेची गोळी अन् अडलेली लघवी

“प्रोस्टेट आहे. ऑपरेशन करावं लागेल,” सोलापूरचे डॉक्टर म्हणाले अन् माझं अवसानच गळालं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी. वय झालं की ती फुगते अन् लघवीची वाट आवळते. मी उमरग्याचा मिरचीचा अडत्या. लिलावात माझा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जायचा, पण त्या दिवशी मी कुजबुजतच विचारलं, “दुसरा इलाज न्हाय का?”

माझे चुलते निजामाच्या काळात हैदराबादला ह्याच ऑपरेशनला गेले, ते परत आलेच नाहीत. म्हणून ऑपरेशन म्हटलं की मला सरळ मरणच दिसायचं.

आता आधीचं सांगतो. मिरचीचा हंगाम सुरू झाला अन् त्रास सुरू झाला. लघवीला बसावं तर धार नाही, अन् दुकानातल्या गादीवर येऊन टेकावं तर धोतर ओलं! लाजंनं मरायची पाळी. बोली रंगात आली की मी उठून पळायचो. शेवटी एका सकाळी लघवी ठार बंद. पोट दगडासारखं टणक. आमच्या घरच्या, म्हणजे माझी बायको, लई खमकी. तिनं सडकेवर चक्क ट्रक अडवला, मला ड्रायव्हरशेजारी बसवलं अन् थेट सोलापूर गाठलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी देवाच्या नावानं ओरडत होतो अन् ही म्हणत होती, “ओरडा, पण उतरायचं नाव काढू नका!”

दवाखान्यात कॅथेटर घातला. कॅथेटर म्हणजे लघवीच्या वाटेनं आत सरकवलेली रबरी नळी. घालताना ब्रह्मांड आठवलं, पण पाणी वाहू लागलं अन् अहाहा! काय सांगू तुम्हाला! डॉक्टर म्हणाले, “मूत्राशय काठोकाठ भरलं होतं. धोतर ओलं व्हायचं ते उतू गेल्यामुळं.” मग त्यांनी विचारलं, “कुठलं औषध घेता?”

“छ्या! मी अन् औषध?” मी छाती काढून सांगितलं.

रक्त तपासलं, एक्स-रेचा फोटो काढला. ऑपरेशनचा दिवस ठरला. मी बायकोला दुकानाचं, पोरीच्या लग्नाचं सगळं सांगून ठेवायला लागलो. तिनं एकदाच ऐकलं अन् म्हणाली, “हे तुमचं तुम्हीच घरी येऊन करायचं. मला न्हाय जमायचं.” अन् तोंड फिरवून रडली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ आले ते शिंकतच. एक शिंक, दुसरी शिंक, बोलता येईना त्यांना. माझा हात आपसूक चंचीकडं गेला. चंची म्हणजे आमची पानसुपारीची कापडी पिशवी. त्यातली गोळी काढून मी पुढं केली.

“घ्या साहेब. शिंकेची गोळी. आत्ता उतार पडतो.”

डॉक्टरांनी गोळी उलटीपालटी करून वेष्टनावरचं नाव वाचलं. “ही तुम्ही कधीपासून खाताय?”

“हंगाम लागल्यापासून. मिरचीची धूळ नाकात गेली की शिंका थांबत न्हायत. बाजारात आमी सगळेच खातो. आल्यागेल्याला सुपारीसंगं देतो.”

“इथं आल्यावरही खाल्ली?”

“सवय हो!”

“आणि मला म्हणालात औषध घेत नाही?”

“हे औषध कुठलं, साहेब? शिंकेची गोळी हाय ही!”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आधी रागावले, मग हसायलाच लागले. म्हणाले, “ही अँटिहिस्टामिन आहे.” म्हणजे अ‍ॅलर्जी दाबणारं औषध, अन् अ‍ॅलर्जी म्हणजे एखादी गोष्ट अंगाला न सोसणं, जशी मला मिरचीची धूळ. ही गोळी नाक सुकवते, पण मूत्राशयाचा जोरही कमी करते. तरण्या माणसाला सहसा कळतही नाही. “तुमची वाट आधीच आवळलेली,” डॉक्टर म्हणाले, “त्यात मागून ढकलणाराच झोपला!”

“मग उद्याचं ऑपरेशन?”

“थांबवू. गोळी बंद. थोड्या दिवसांनी नळी काढून बघू. लघवी झाली नाही तर मात्र ऑपरेशन.”

ते दिवस कसे गेले, विचारू नका! अन् नळी काढली त्या दिवशी तर पडद्याआड भांडं घेऊन बसलो, पाणी प्यालो, अन् नुसती वाट बघत राहिलो. पडद्यापलीकडं बायको उभी. “आली का?” “गप गं!” “आता?” अन् आली! थेंब थेंब न्हाय, धार! वॉर्डभर आवाज! मी रडत होतो अन् मोठ्यानं हसत होतो, अन् पलीकडं ही भांडं वाजल्याचं नर्सबाईला ओरडून सांगत होती.

डॉक्टर म्हणाले, “ग्रंथी थोडी मोठी आहे, दाखवत राहा. पण आता ऑपरेशन नको. घरी जा.” मी त्यांचे पाय धरायला वाकलो, त्यांनी धरू दिले नाहीत.

बाबांनो, आपल्या मनानं औषध घेऊ नका अन् आपल्या मनानं बंदही करू नका. पण पोटात जाईल ते सगळं डॉक्टरला सांगा. हे मी तिथंच, भरल्या वॉर्डात, हात वर करून सांगत सुटलो. शेजारच्या खाटेवर नळदुर्गचे एक चाचा होते, त्यांनाही नळी, त्यांचंही ऑपरेशन ठरलेलं. माझं ऐकून ते उठून बसले. मग त्यांनी हळूच उशीखालून कागदाची पुडी काढली अन् हाक मारली, “डॉक्टरसाब, जरा इकडं या. मलाबी काहीतरी दाखवायचंय.”