स्क्रीनवर न दिसलेला एक

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्याच्याबरोबर रोज सकाळी चहा पितो त्या शेजारच्या टायरवाल्याजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही नानांना ओळखत नाही. आणि बोलता बोलता माझा आवाज चढेल — चढू द्या. मला राग आलाय. चार वर्षं तो मी कंपनीवर काढला, गिऱ्हाइकांवर काढला, उन्हाळ्यावर काढला. तो कोणावर आहे, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका.

जळगावात हायवेला माझं गॅरेज आहे. पाटीवर ‘कॉम्प्युटराइज्ड’ हा शब्द मी माझ्या नावापेक्षा मोठा रंगवून घेतलाय. भिकन नाना माझ्याकडे कामाला होते. चोपड्याकडचे, साठीच्या पुढचे. कामाला माझ्याकडे, पण मला पाना धरायला शिकवला तो त्यांनीच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचे कुठे काय बिघडलंय. मी मात्र मशीन घेतलं. हातात मावणारं ट्यूनिंग मशीन. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्याची वायर जोडायची, स्क्रीनवर आकडे येतात, बटणं दाबून इंजिनाला मिळणारं डिझेल कमीजास्त करता येतं. डिझेल वाढलं की गाडीची ओढ वाढते. फार वाढलं की इंजिन आतून भाजतं.

लोकांना ते मशीन काय आवडायचं! नाना अर्धा तास कान लावून सांगायचे ते कोणी ऐकायचं नाही, पण त्या डबीवर चार इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा आला की माणसं मान डोलवायची. ‘मशीन खोटं बोलत नाही’ — हे मीच म्हणायचो. रोज म्हणायचो. आज ते वाक्य आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या उन्हाळ्यात त्याची स्क्रीन बिघडली. डावीकडची बोटभर पट्टी काळी पडायची. वायर बदलून पाहिली. दुसऱ्या गाडीला लावून पाहिलं, तिथेही तेच; म्हणजे दोष गाडीत नाही, मशीनमध्येच. कंपनीला फोन लावला तर तिकडचा माणूस म्हणतो, “सर, एकदा बंद करून चालू करा.” अरे, वीस वेळा केलं होतं! शेवटी मला सापडलं की कोपऱ्यात अंगठ्याने जोरात दाबलं की पट्टी उजळते. मग तसंच दाबून-दाबून काम चालवलं. पंधरा दिवस. उघडून बघायला काय झालं होतं मला? काही झालं नव्हतं. आळस, दुसरं काय.

मग सावद्याहून प्रकाशभाऊ आले. स्वतःची पिकअप स्वतः चालवणारा माणूस, केळी भरून शिरपूरवरून सेंधव्याचा घाट चढून इंदूरला जायचा. घाटात गाडी दमते म्हणाले. नानांनी सकाळी इंजिनात डिझेल फवारणारं नोजल काढलं, नवीन बसवलं. मग माझी पाळी. प्रकाशभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीन बघत होते, त्यांच्याबरोबर गावचे आणखी दोघं होते. डिझेल किती वाढवलंय त्याचा आकडा दिसला — चार. डावी पट्टी काळीच होती. कोपरा दाबायला हवा होता. पण तीन माणसं बघतायत, आणि हा ‘कॉम्प्युटराइज्ड’ गॅरेजवाला जुना रेडिओ ठोकावा तसं मशीन दाबणार? — मला लाज वाटली. एवढंच. चारचे सहा केले. सहा म्हणजे साधी, सोसवणारी वाढ.

गाडी चालू केली. नाना हात पुसत मागून आले, सायलेन्सरच्या काळ्या धुराजवळ उभे राहिले, आणि म्हणाले, “भाऊ, आवाज जड ई ऱ्हायना. धूर भी काया शे. थोडं कमी कर.”

मी काय म्हणालो असेन? मी हसलो. लोकांसमोर हसलो. म्हणालो, “नाना, तुमच्या कानापेक्षा हे मशीन नवीन आहे.” सगळेच हसले. नानाही हसले — हसावं लागलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी पिकअप घाटात बसली. केळीने भरलेली, मे महिन्यातल्या भर दुपारी, आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत माल उन्हात. प्रकाशभाऊ टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागे ओढत ती माझ्याच दारात घेऊन आले. इंजिन उघडलं. पिस्टनला मधोमध भोक पडलेलं, कडा वितळलेल्या. तसं दोन कारणांनी होतं. नोजल नीट बसलं नाही, गळत राहिलं, तर होतं. नाहीतर डिझेल बेसुमार वाढवलं तर होतं.

प्रकाशभाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “भाऊ, फक्त खरं सांगा. चूक कोणाची?”

मी मशीनकडे बघितलं नाही. नानांकडे बघितलं. आणि म्हणालो, “नोजल बसवताना काहीतरी राहिलं असणार. आता वय झालं त्यांचं.”

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, घाबरला असेल, त्याला तरी कुठे खात्री होती? म्हणू नका. मीही स्वतःला हेच सांगत होतो — फक्त एक दिवस. दुसऱ्या दुपारी मी मशीनचे चार स्क्रू काढले. आत स्क्रीनपासून एक कागदासारखी पातळ पट्टी निघते, ती एका बाजूने खाचेतून निसटली होती. स्पिरिटने पुसली, परत बसवली, वरची खटकी दाबली. दहा मिनिटांचं काम! लावलं, तर स्क्रीन या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख. मशीनमध्ये शेवटच्या गाडीची नोंद राहते. ती उघडली. सोळा. म्हणजे मी चारचे सहा केले नव्हते, चौदाचे सोळा केले होते. आधीच कोणीतरी वाढवून ठेवलेली गाडी मी आणखी वाढवली होती, कारण काळ्या पट्टीतला पुढचा एक मला दिसला नव्हता.

नाना तेव्हा दारातल्या नळावर हात धूत होते. दहा पावलांवर. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी बटण दाबलं आणि नोंद पुसून टाकली.

हे आहे ते. स्क्रीन नाही, आळस नाही, लाजही नाही. मला कळलं होतं, आणि मी पुसलं.

पुढे नानांनी काय केलं माहीत आहे? माझ्यावर विश्वास ठेवला. बसवलेलं नोजल तीन-तीनदा काढून बघायला लागले. नट आवळताना थांबायचे, आपल्याच बोटांकडे बघत राहायचे. पावसाळ्याआधी म्हणाले, “मना हात पहिलासारखा नही ऱ्हायना, भाऊ,” आणि गावी निघून गेले. मुलाचा ट्रॅक्टर बंद पडला तर त्यालासुद्धा हात लावत नाहीत म्हणे, मिस्तरी बोलवायला लावतात. ज्या माणसाने या जिल्ह्यातली निम्मी इंजिनं कानाने ओळखली! आणि मी इकडे मशीनची नवीन आवृत्ती घेतली.

मागच्या महिन्यात धुळ्याला एका लग्नात ते भेटले. पंगतीत शेजारीच बसले. वाळले होते. पलीकडे त्यांचे पाहुणे होते, त्यांना माझी ओळख करून देत म्हणाले, हा माझा मालक, फार मोठ्या मनाचा. माझ्या हातून एक इंजिन गेलं, गरीब माणसाची केळी गेली, पण याने त्यानंतर मला कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही. मग माझ्याकडे वळले, माझ्या मनगटावर हात ठेवला.

“त्या दिन मी तुना मशीनले नाव ठेवं. मनाच हात चुकना व्हता. माफ कर, भाऊ.”

पंगतीतली माणसं माझ्याकडे बघत होती. वाढप्याने वरण आणलं होतं, तोही थांबला होता.

मी म्हणालो, “जाऊ द्या नाना. मी कधीच माफ केलंय.”

त्यांचे डोळे भरले. पाहुण्यांनी माना डोलवल्या. मी बट्टी कुस्करली, वर वरण घेतलं, तूप घेतलं, आणि पोटभर जेवलो.