सात वाजून चौदा मिनिटांपर्यंतचे परके

माझी मुलगी पुण्याच्या वसतिगृहवाल्या शाळेत अकरावीला गेली तेव्हा आमची समजूत अशी होती, की बारावी ती बारावी, हिचं नाव फक्त जरा लांब. मग पहिल्या सुट्टीत तिनं आंतरराष्ट्रीय डिप्लोम्याच्या अटी वाचून दाखवल्या.

सहा विषय. समजलं. स्वतः विषय शोधून चार हजार शब्दांचा निबंध. तेवढे शब्द मी चहा येईपर्यंत बोलतो. मग 'आपल्याला जे माहीत आहे ते आपल्याला कसं माहीत आहे' असा एक स्वतंत्र अभ्यास. 'तुले कसं माहीत?' या प्रश्नानं आमच्या अमरावतीत भांडण सुरू होतं, तिच्या शाळेत तास सुरू होतो.

खरी गंमत शेवटच्या अटीत होती. दीड वर्षभर काहीतरी नवं घडवायचं, अंग हलवायचं, लोकांच्या उपयोगी पडायचं आणि त्याच्या नोंदी ठेवायच्या. हे राहिलं तर सहाही विषयांत पैकीच्या पैकी मिळाले तरी डिप्लोमा नाही. यातल्या मोठ्या उपक्रमावर एका जाणत्या माणसानं लक्ष ठेवून शेवटी सही द्यायची.

"आणि तो माणूस नातेवाईक नसावा," तिनं हळूच वाचलं आणि आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.

कारण मला एक सवय आहे. कोणीही भेटलं की मी त्याचं मूळ गाव विचारतो, मग आजोळ, मग बायकोचं माहेर. दहा मिनिटांत तो माझा कोणीतरी निघतो. रेल्वेत तिकीट तपासायला आलेला माणूस मला वाकून नमस्कार करून गेला आहे. वऱ्हाडात यात विशेष काही नाही. मी फक्त जरा वेगानं करतो, एवढंच.

मुलीनं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी उपक्रम ठरवला: अकोल्याला माझ्या बहिणीकडे राहायचं आणि तिच्या कॉलनीतल्या चाळिशी ओलांडलेल्या बायकांना सायकल शिकवायची. देखरेखीला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तयार झाले. तिला सोडायला गेलो तेव्हा मी त्यांना नुसतं विचारलं, "भाऊ, गाव कोणतं?" सातव्या मिनिटाला ते माझ्या बायकोच्या चुलत काकांचे साडू निघाले. आम्ही दोघं हर्षानं उभे राहिलो. मुलगी तेवढ्यात खाली बसली.

"दादा, तू आताच्या आता अमरावतीले जा," बहीण म्हणाली. "पोट्टी दुसरा माणूस पाहीन. तू इथं राह्यला तं अख्खं अकोलं सोयऱ्यात जाईन."

दुसरा माणूस मिळाला. शाळेच्या मैदानाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त पी.टी. सर. मला हद्दपारी. सहा आठवडे मी बातम्या फक्त फोनवर ऐकल्या. सकाळी साडेपाचला सात बायका मैदानावर, कारण नंतर अकोल्याच्या उन्हात सायकलची सीट तव्यासारखी तापते. बहीण पहिल्याच दिवशी गोलपोस्टला जाऊन धडकली आणि गोलपोस्टवरच रागावली. एक बाई वळायला शिकल्या, पण थांबायला नाही. त्या थकेपर्यंत गोल फिरत. सर खुर्चीत बसून पाहत आणि रोज नोंदवहीत एकच शब्द लिहीत: उत्तम.

शेवटच्या रविवारी सातही जणी सगळ्यांसमोर मैदानाला फेरी मारणार होत्या. मला बोलावणं आलं, अटीसह.

"बाबा, सरांची सही झाली नाही तर सगळं पुन्हा करावं लागेल, तेही परीक्षेच्या वर्षात. पुढच्या सोमवारी शाळा सुरू. तुम्ही गाव विचारायचं नाही. काहीच विचारायचं नाही."

मी शब्द दिला. आणि, ऐका, पाळलासुद्धा! सरांच्या शेजारच्या खुर्चीत ओठ मिटून बसलो. बायकांची सायकलवरून फेरी सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. विचारलं ते सरांनी.

"गाव कोणतं तुमचं?"

"अमरावती."

"ते राहाचं झालं. मूळ?"

"तिवशाकडे," मी म्हणालो, आणि देवाशप्पथ पुढे एक अक्षर बोललो नाही.

"असं का," सर म्हणाले. "आमची एक मामी होती तिवशाकडली. आजोळ आमचं धामणगावपाशी, तिथं दिलेली. लय अजब बाई. बैलाले अहो म्हने अन् मामाले अरे."

आता सांगा, मी काय करणार होतो? जगात अशी बाई एकच झाली.

"अहो, ती माझी मावशी!" मी ओरडलो. "आईची चुलत बहीण!"

सर उठले. मी उठलो. आम्ही एकमेकांना मिठी मारली तेव्हा मैदानावरच्या सातही सायकली थांबल्या. थांबता न येणाऱ्या बाईसुद्धा थांबल्या; तेवढं एक शिक्षण माझ्यामुळे पूर्ण झालं.

"मले वाटलंच होतं," एक जण म्हणाली. "नाक मिळते."

मुलगी फॉर्म घेऊन आली. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू होतं, आणि ते मला सहन होत नाही. सरांनी पेन उघडलं, 'मी विद्यार्थिनीचा नातेवाईक नाही' ही ओळ वाचली आणि पेन बंद केलं.

"हे मी लिहू? माह्या हातानं? मामीच्या माहेरचे लोक आहे हे."

"सर, शाळेला इतकं लांबचं नातं समजणारसुद्धा नाही," मुलगी म्हणाली.

"शाळेले नाही समजत, मले समजते ना. तीस वर्षं पोट्ट्यायले खरं बोलाले लावलं म्या."

मी म्हणालो, "सर, माझ्यासाठी..."

"तुमी चूप राहा, भाऊ. तुमच्यासाठीच तं नाही म्हणून राहिलो."

मुलीनं पुण्याला तिच्या शिक्षिकेला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. नातं काय, हे मी सांगितलं, सरांनी दुरुस्त केलं, बहिणीनं नव्यानं सांगितलं. पलीकडे बाईंनी तिघांचंही ऐकून घेतलं.

"तुम्ही दोघं याआधी कधी भेटला होतात?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"हे नातं सरांना आज सकाळपर्यंत माहीत होतं?"

"आताच झालं माहीत. सात चौदाले," सर घड्याळ पाहून म्हणाले. पी.टी.चा माणूस.

"मग सहा आठवडे त्यांनी परकी मुलगी म्हणूनच पाहिलं ना? तसंच लिहा. जे खरं आहे ते, वेळेसकट."

सरांनी पुन्हा पेन उघडलं. त्या ओळीपुढे त्यांनी सुवाच्य मराठीत लिहिलं: 'आज सकाळी सात वाजून चौदा मिनिटांपर्यंत नातेवाईक नव्हतो.' खाली सही, तारीख. बाईंनी फॉर्मचा फोटो मागवला आणि चालेल म्हणून कळवलं. मुलगी मला सोडून सगळ्यांच्या गळ्यात पडली. मग वाकून सरांच्या पाया पडली आणि म्हणाली, "थँक्यू, काका."

काका! सर खुलले. खुर्ची ओढून तिला समोर बसवलं.

"आता घरचा माणूस म्हणून सांगतो, बाई. तू हँडल धरून पळतं ते साफ चूक आहे. सीट मागून धराव लागते. ब्रेक पहिल्या दिवशी शिकवाव लागते, तू शिकवला पंधराव्या दिवशी. अन् तुही आत्या अजूनही खालीच पाहून चालवते."

"पण तुम्ही तर रोज 'उत्तम' लिहीत होतात!"

"परक्याच्या पोरीले कोण बोलते, बाप्पा?" सर म्हणाले, आणि नोंदवही उघडून पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.