अक्कांची जीप आणि तिसरा नियम

आमच्या घरमालकीणबाईंइतकी सावकाश गाडी चालवणारी व्यक्ती साऱ्या मराठवाड्यात दुसरी झाली नसेल, आणि हेही सांगायला हवं की ती गाडी खरी नव्हती. ती होती संगणकावरच्या खेळातली. ज्या खेळात जगभरची पोरं दोनशेच्या वेगानं एकमेकांना धडका देत होती, त्यात आमच्या अक्का एक जुनाट जीप घेऊन तीसच्या वेगानं निघायच्या. मागून कुणी आलं की गाडी कडेला घेऊन त्याला आधी वाट द्यायच्या. "जाऊ दे माय, त्येला घाई हाय," असं वर मला सांगायच्या. शर्यत त्यांनी एकही पुरी केली नाही. त्यांना शर्यत नकोच होती. त्यांना फोटो हवा होता.

मी मुदखेडहून अकरावीला लातूरला आले, तेव्हा क्लासच्या पोरापोरींनी ते शहर इतकं भरलं होतं की ज्याच्या घरी दोन खोल्या जास्त, त्यानं त्या भाड्यानं दिलेल्या. अक्कांच्या घरी आम्ही चौघी होतो. अक्का मूळच्या उदगीरकडच्या. कपाळाला विभूती, बोलण्यात मधूनच एखादं कानडी 'अय्यो', आणि दुपारी दोन ते चार कानांवर मुलाचे मोठाले हेडफोन. मुलगा इंजिनिअर होऊन बंगळुरूला गेला आणि संगणक मागे ठेवून गेला. त्याला फोनवर विचारून विचारून अक्का हा खेळ शिकल्या. आई आठ दिवसांत कंटाळेल, असं त्याला वाटलं होतं. मी गेले तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

या खेळात गाडी मध्येच थांबवून, खऱ्या कॅमेऱ्यानं काढावा तसा तिचा फोटो काढता येतो. अशा फोटोंची स्पर्धा इंटरनेटवरचा एक गट दर पंधरवड्याला घ्यायचा. नियम इंग्रजीत. चौघींत माझं इंग्रजी बरं, म्हणून ते मराठीत उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिला नियम: फोटो स्वतः काढलेला असावा. दुसरा: खेळातले रंग-उजेड वापरायला आणि फोटो कापायला हरकत नाही. तिसरा: बाहेरच्या सॉफ्टवेअरनं फोटोत काही घालायचं नाही आणि फोटोतलं काही पुसायचं नाही. तो कागद अक्कांनी देव्हाऱ्याशेजारी चिकटवला आणि हळूहळू सगळ्या घराला लागू केला. आमटीत कुणी पाणी वाढवलं की आतून आवाज यायचा, "नियम तीन!" शेजारच्या बाई लेकीचा स्थळासाठी काढलेला फोटो दाखवायला आल्या, तर अक्कांनी तो उजेडात धरून विचारलं, "ह्यो गोरेपना आतला हाय का भाईरनं घातलाय?" त्या बाई चार महिने आमच्या दारात फिरकल्या नाहीत. मी एकदा सराव परीक्षेत एकशे चार गुण मिळाले असताना वडिलांना फोनवर एकशे चाळीस सांगितले. अक्का भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "पुन्यांदा लाव." मी लावला. वडील "बरं, जेवण करत जा," एवढंच म्हणाले. त्या रागात मी अक्कांशी दोन दिवस बोलले नाही. त्यांनी मात्र दोन्ही दिवस माझ्या ताटात शेंगाचटणी जास्त वाढली.

मग एका पंधरवड्याला विषय आला, 'परतीची वाट'. मी तो वाचून दाखवला आणि अक्कांचा हात माऊसवरच थांबला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जीप धुणं बंद केलं. खेळातल्या त्या परदेशी मुलखात त्यांनी पिवळ्या गवताचा, उघडा बोडका असा एक रस्ता शोधून काढला. "ह्यो औशाच्या फुडचा रस्ता हाय बघ," म्हणाल्या. त्या रस्त्यावर त्या दुपारच्या दुपार जीप घालायच्या, धुळीनं माखवायच्या, वळणावर आणायच्या, फोटो काढायच्या आणि मान हलवून तो टाकून द्यायच्या. अकराव्या दुपारी त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि मला हाक मारली. फोटोत जीप वळण घेऊन सरळ आपल्याकडे येत होती. पुढच्या काचेवर धूळ, धुळीवर कलतं ऊन. आम्ही तो पाठवला.

चार दिवसांनी उत्तर आलं. फोटो बाद. या खेळात गाडीत चालक नेहमी दिसतो, तुमच्या गाडीत दिसत नाही. अर्थात तो बाहेरच्या सॉफ्टवेअरनं पुसला आहे. नियम तीन.

मी ते मराठीत सांगितलं. मला वाटलं होतं, अक्का घर डोक्यावर घेतील. त्या नुसत्या खाली बसल्या.

"मी पुसला म्हनतेत?"

"हो."

"लिही त्येनला. मी कुनाला पुसलं न्हाई."

मी लिहू लागले, तसं त्या बोलू लागल्या. अक्कांचे यजमान जीप चालवायचे, औशावरून लातूर ते किल्लारी, प्रवाशांची. गणपती विसर्जनाच्या दिवशी दुपारी ते गाडी घेऊन गेले. तिकडंच पाहुण्यांकडे राहतो, सकाळी येतो, असं सांगून गेले. पहाटे भूकंप झाला. वर्षाचं पोर कडेवर घेऊन अक्का गल्लीच्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या. लोक जेवायला बोलवायचे, त्या हलायच्या नाहीत.

"तिसऱ्या दिवशी जीप आली," त्या म्हणाल्या. "आपलीच. खरचटलं बी नव्हतं तिला. काच धुळीनं अशी भरलेली, वर ऊन पडलेलं, आत कोन हाय दिसंना. कोपऱ्यापासनं दारापातुर आली गाडी. तेवढा येळ तरी तेच चालवत होते की."

मी टाइप करायची थांबले होते.

"मग दार उघडलं. दुसरा ड्रायव्हर उतरला. त्यानं चावी माझ्या हातात दिली."

बाहेर पाण्याचा टँकर आला होता, बाया घागरी घेऊन धावत होत्या. अक्का उठल्या नाहीत. मी विचारलं, "अक्का, हे सगळं लिहू?"

"नको. ते त्येंच्या नियमात बसत न्हाई. धूळ हाय, ऊन हाय, म्हनून दिसत न्हाई, एवढंच लिही. आन् मूळचा फोटो लावून दे."

तेवढंच लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की मूळ फाइल तपासली, फोटोत काहीही घातलेलं किंवा पुसलेलं नाही, फोटो स्पर्धेत घेतला आहे, गैरसमजाबद्दल क्षमा असावी. बक्षीस समुद्राकाठच्या एका निळ्या गाडीला गेलं. अक्कांनी ती गाडी बराच वेळ बघितली. "चांगली हाय," म्हणाल्या. "पानी खरं वाटतंय."

त्यांनी नंतर एकाही स्पर्धेला फोटो पाठवला नाही. पण त्याच आठवड्यात जीपचा तो फोटो छापून घ्यायला मला घेऊन त्या फोटो स्टुडिओत गेल्या. तिथल्या माणसानं फोटो पडद्यावर मोठा केला आणि आपुलकीनंच म्हणाला, "काकू, काच जरा साफ करून देऊ का? दोन मिनिटाचं काम हाय. आत कोन बसलंय ते दिसंल."

देव्हाऱ्याशेजारी नियम चिकटवणारी ही बाई आता त्याला चार शब्द सुनावणार, म्हणून मी पाहत राहिले. अक्का काही बोलल्या नाहीत. इतका वेळ बोलल्या नाहीत की त्या माणसानं तेवढ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे फोटो कापून पाकिटात घालून दिले. मला तेव्हा कळलं की त्या खरंच विचार करताहेत.

"नको," शेवटी म्हणाल्या. "दिसंल, म्हनूनच नको."

घरी येताना फोटो त्यांनी पिशवीत घातला नाही. भरलेलं ताट न्यावं तसा दोन्ही हातांवर आडवा धरला होता. गल्लीच्या कोपऱ्यावर त्या थांबल्या. भर दुपार होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. मीही थांबले.

"चल," थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "पोरी क्लासवरनं आल्या असतील."