बाजूचा कप्पा

माझ्या आईला सगळं गाव मावशी म्हणतं. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात ती एकतीस वर्षं आया आहे आणि तिथे आयांना मावशीच म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, सिस्टर म्हणतात, कळा सोसणाऱ्या बायका म्हणतात, बाहेर बाकावर नखं खात बसलेले नवरेही म्हणतात. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, पण तिथेही सुटका नाही. गिऱ्हाईक नवा चष्मा नाकावर चढवतं, माझ्याकडे निरखून बघतं आणि म्हणतं, "तुम्ही मावशींची मुलगी ना? अहो, आमच्या सुनेच्या वेळी रात्रभर तिच्या उशाशी होत्या!" मी विचारते, "कानामागे टोचत नाही ना?" त्यांची सून आईचा हात धरून बसली होती त्या रात्री मी शेजारच्या काकूंकडे झोपले होते, हे मी त्यांना सांगत नाही.

माय मरो, मावशी जगो, असं लोक म्हणतात. ज्यांनी ही म्हण काढली त्यांच्या माय आणि मावशी वेगवेगळ्या असणार. आमच्याकडे दोघी एकाच अंगात होत्या. मावशी दिवसभर वॉर्डात खर्च व्हायची आणि घरी यायची ती उरलेली माय, पाय सुजलेली, जेवता जेवता पेंगणारी. बाबा मी चार वर्षांची असतानाच गेले, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

मग मी पोट दुखायचं सोंग आणायचे. आई चपला घालायला लागली की मी पोट धरून जमिनीवर लोळायचे. ती वाकायची, माझ्या पोटावरून हात फिरवायची, "हं, दुखतंय खरं," म्हणायची आणि चपला घालून ड्यूटीला जायची. तिला कळायचं आणि मला कळायचं की तिला कळलंय. आठव्या वर्षी एकदा मी वॉर्डाच्या दारात उभी राहून "आई, आई" अशा दहा हाका मारल्या, तिनं वळून पाहिलं नाही. मग मी "मावशी!" अशी हाक मारली. लगेच वळली. त्या दिवसापासून त्या वॉर्डातल्या एकूण एक बाईवर माझा दात आहे. होय, कळा देणाऱ्या, अर्धमेल्या बायकांवर. मी काही फार थोर मनाची आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

मला दिवस गेले तेव्हा मला पहिला आनंद झाला तो हा, की आता मावशीला माझ्याकडे यावंच लागेल. मी तिच्याकडून शब्दच घेतला.

"तुझ्या वेळी मी मावशी नाही," ती म्हणाली. "रजा टाकते. तुझ्या पलंगाशी बसेन, उठणार नाही."

"कुणी कितीही हाका मारल्या तरी?"

"नाही उठणार गं. झालं समाधान?"

नाही झालं. पण शब्द मिळाला होता आणि आई शब्दाची पक्की आहे.

नववा लागल्यावर मी नवऱ्यासकट तिच्याकडे राहायला गेले आणि एका रविवारी सकाळी आम्ही दवाखान्याची बॅग भरायला बसलो. बॅग निळी, दणकट, माझा नवरा लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीला आहे, त्याला हत्यारांसाठी मिळालेली. आईनं आधी तिची चेन एका हातानं उघडून पाहिली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली. "दोन हात लागणारी बॅग कामाची नाही," ती म्हणाली. "एक हात कायम कुणीतरी धरून ठेवलेला असतो."

कुणीतरी! माझ्या बॅगेशी बसूनसुद्धा तिला कुणीतरीच आठवत होतं.

मी भरलेलं सगळं तिनं गादीवर ओतलं. पावडरचा डबा बाहेर, आरसा बाहेर, लोकरीचे चार सेट बाहेर. "हे पुस्तक कशाला? बाळंतपणाला चाललीस की प्रवासाला?" मग तिनं स्वतः भरायला घेतलं. घरी परत येतानाचे कपडे तळाला. त्यावर माझे गाऊन, पॅड, टॉवेल. त्यावर बाळाचं, लंगोट, झबलं, टोपडं आणि सगळ्यांत वर दुपटं. आणि दुपट्यावर रिपोर्टांची फाईल. "बॅग उलटी भरायची," आई म्हणाली. "शेवटी लागणारं आधी. अर्ध्या घरांच्या फायली तळाशी असतात आणि वर बिस्किटं."

दुपटं तिनं स्वतः शिवलं होतं. पांढरं, मऊ, दुहेरी कापडाचं, निळ्या काठाचं. रोज ड्यूटीवरून आल्यावर चार टाके घालत महिनाभर बसली होती. मी त्याच्यावर गाल टेकवला आणि मला खरंच रडू आलं. माझ्यासाठी, फक्त माझ्यासाठी तिनं केलेली ही पहिलीच गोष्ट असं मला वाटलं.

आणि तेवढ्यात तिनं पिशवीतून दुसरं दुपटं काढलं. हुबेहूब तसंच. तेच कापड, तोच निळा काठ, तेच टाके.

"हे बदलायला?" मी विचारलं.

दुसरं दुपटं, एक झबलं, एक टोपडं, दोन लंगोट आणि एक साधा गाऊन तिनं एका फडक्यात बांधले आणि ते गाठोडं बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात दाबून बसवलं. "असू दे. येते एखादी हात हलवत."

मला ही सवय ठाऊक होती. जिची म्हणून बॅग ती भरून देई तिला ती एक जोड जास्तीचा घ्यायला लावायची. पण माझ्या बॅगेत?

"माझ्या बॅगेतसुद्धा लष्कराच्या भाकऱ्या?" मी म्हटलं.

"तुझ्या बॅगेत तर आधी. लोकांना सांगते आणि लेकीच्या बॅगेत नाही, हे बरं दिसेल का?"

"आणि दोन्ही अगदी सारखीच? माझ्या बाळाचं जरा तरी वेगळं करायचंस. एखादं फूल काढायचंस काठावर."

"कापड एका ताग्याचं होतं," आई म्हणाली. जणू प्रश्न कापडाचा होता!

मग मी जुनं उकरून काढलं. माझं स्वतःचं जन्माचं दुपटं तिनं वॉर्डातल्या कुठल्याशा बाईला देऊन टाकलं होतं. लोकांच्या घरी ट्रंकेत एवढंएवढंसं झबलं जपून ठेवलेलं असतं, माझं काहीच नाही. तेही मी बोलून दाखवलं.

"तू चार महिन्यांची झालीस, तुला ते पुरत नव्हतं," आई शांतपणे म्हणाली. "तिच्या बाळाला पुरलं."

ती चहा टाकायला आत गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी ते गाठोडं कप्प्यातून ओढून काढलं आणि इस्त्रीच्या टेबलाखाली जुन्या मिक्सरचं खोकं होतं, त्यात कोंबलं. कप्पा सपाट दिसू नये म्हणून खुर्चीवर वाळत पडलेले नवऱ्याचे मोजे, तीनचार जोड, त्यात भरले. वरून थोपटून पाहिलं. छान फुगीर दिसत होता. मग आईनं आणलेला चहा मी अगदी शहाण्या मुलीसारखा प्यायले.

अकरा दिवसांनी, गुरुवारी सकाळी कळा सुरू झाल्या. प्रसूतीच्या खोलीत दोन टेबलं, मध्ये हिरवा पडदा. दुसरं टेबल रिकामं होतं. आई नेहमीच्या पांढऱ्या साडीत नव्हती, पोपटी साडी नेसून आली होती. सिस्टर म्हणाल्या, "काय मावशी, आज पाहुण्या?"

"आज मला हाक मारू नका," आई म्हणाली. "आज मी लेकीची."

ते ऐकून मला जो काही विजय झाल्यासारखा वाटला, तो कळेपेक्षाही मोठा होता. तीन तास ती माझी होती. कंबर चोळत होती, घाम पुसत होती, केस वर बांधून देत होती. दोन कळांच्या मधे मी डोळे मिटून पडायचे आणि तिच्या हाताचं वजन मोजायचे. अख्ख्या गावाच्या सुना आठवून मी मनातल्या मनात म्हणत होते, बघा आता.

बारा वाजायच्या सुमाराला बाहेर गलका झाला. एका बाईला थेट बसमधून आणलं होतं. सोबत कुणी नाही, फक्त बसचा कंडक्टर, गळ्यात तिकिटांची पिशवी अडकवलेला, तोही दारातून आत यायला तयार नव्हता. तिला पलीकडच्या टेबलावर घेतलं. त्या दिवशी सिस्टर एकच होत्या. दुसरी आया एका पेशंटबरोबर ऑपरेशनला वर गेली होती आणि डॉक्टरीणबाईही तिथेच. पडद्यामागून ती बाई ओरडायला लागली. नुसतं ओरडणं नाही, घाबरून हातपाय झाडत होती. सिस्टरांचा आवाज चढला. "अहो, झोपा! हलू नका! मावशी…" आणि मग त्यांना आठवलं असावं.

मी आईचं मनगट घट्ट धरलं. "तू शब्द दिलायस."

"हो गं. मी कुठे जातेय?"

खरंच नाही गेली. बसली. माझी कंबर चोळत राहिली. पण तिचा हात आता एकाच जागी फिरत होता. मान माझ्याकडे होती आणि कान पडद्यापलीकडे. पलीकडची बाई किंचाळली की आईची बोटं माझ्या पाठीवर आपोआप आवळली जात. माझ्याजवळ बसलेली होती ती पुन्हा तीच, उरलेली माय. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं आणि त्यात काही राहिलं नव्हतं.

मला इतका राग आला. तिचा, त्या बसच्या बाईचा, माझा. आणि ती बाई तर आता ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती, एकटी.

मी मनगट सोडलं. "जा, मावशी," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर एकदा हात ठेवला आणि उठली.

पडदा हलला आणि तिचा आवाज तिकडून यायला लागला. अशा आवाजात ती घरी कधी बोललेली नाही. "इकडे बघ बाळा, माझ्याकडे बघ. तोंडानं श्वास सोड. हं. असा. आता दम धर, मी सांगते तेव्हा." तेवढ्यात मला कळ आली. मी तोंडानं श्वास सोडला. ती तिला सांगत होती आणि मी इकडे ऐकत होते. "शहाणी गं माझी ती," आई म्हणाली, आणि ते मीही घेतलं. तिला काय कळणार होतं?

पंधरावीस मिनिटांत पलीकडचं बाळ रडलं.

"हिच्याजवळ कपडे?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही. माझ्या लेकीची निळी बॅग आहे ना, तिच्या बाजूच्या कप्प्यात गाठोडं आहे, ते काढा," आईचा आवाज आला.

सिस्टर आल्या, त्यांनी कप्प्याची चेन उघडली. एक मोजा काढला. मग दुसरा. "मावशी, यात पुरुषाचे मोजे आहेत."

पलीकडे बाळ रडत होतं, ओलं, उघडं. एकतीस वर्षं जगाला बॅगा भरायला शिकवणाऱ्या बाईच्या लेकीच्या बॅगेत मोजे निघाले होते, आणि ते कसे आले हे आईला विचारावं लागणार नव्हतं.

"वरचं घ्या," मी म्हटलं. "फाईलखाली दुपटं आहे. आणि टोपडं, झबलं. सगळं घ्या."

निळ्या काठाचं दुपटं माझ्या डोळ्यांसमोरून पडद्यापलीकडे गेलं. तेव्हाही मला वाईटच वाटलं, खोटं कशाला सांगू? मग बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला दारापाशी बोलावलं आणि मी टेबलावरूनच ओरडले, "घरी जा! इस्त्रीच्या टेबलाखाली, जुन्या मिक्सरच्या खोक्यात गाठोडं आहे!" "मिक्सरच्या?" तो म्हणाला. "मिक्सरच्या!" सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मला मुलगी झाली. तोवर आई परत माझ्या उशाशी आली होती आणि गाठोडंही आलं होतं. आईनं त्याची गाठ सोडली.

"मी म्हटलंच, मावशींनी भरलेल्या बॅगेत मोजे कसे!" सिस्टर म्हणाल्या.

"राहून गेलं घाईत," आई म्हणाली. "माझीच चूक." आणि हात हलवत येणाऱ्या एखादीसाठी शिवलेल्या दुपट्यात तिनं माझ्या मुलीला गुंडाळलं. काठ तोच, टाके तेच.

संध्याकाळी आम्हा दोघींना शेजारशेजारचे पलंग मिळाले. बसमधली बाई शांत झोपून उठली होती. तिचा नवरा निघाला होता, पोचायचा होता. दोन बाळांना दोन सारखी दुपटी. आई पलंगाच्या कडेला बसून माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बघत होती. नुसती बघत होती. असं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं होतं? पाहिलं असेल, मला कसं आठवणार? घरातच आणखी एक वाटेकरीण आली होती, साडेसहा पौंडांची, आणि तिनं आल्या दिवशीच सगळा वाटा उचलला होता.

"आई," मी म्हटलं. "माझे पाय दुखतायत."

अजिबात दुखत नव्हते.

आईनं मुलीला माझ्या कुशीत ठेवलं. पायथ्याशी येऊन बसली, चादर बाजूला केली आणि माझ्या पायांवरून हात फिरवला.

"हं," ती म्हणाली. "दुखतायत खरे."

मी डोळे मिटले. यापुढचं मला पाठ होतं. आणि तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून हाक आलीच. "मावशी… बाळाला घ्यायचं होतं, जरा येता?"

"येते हं," आई माझ्या पोटऱ्या चेपत, तिकडे न बघता म्हणाली. "जरा थांब. माझ्या लेकीचे पाय दुखतायत."