बहादूर नावाच्या दोन पत्रिका

माझं नाव बहादूर. शब्दकोशात त्याच्यापुढे शूर, पराक्रमी असं काहीबाही लिहिलेलं असतं. मी पालीला घाबरतो, विहिरीत वाकून पाहत नाही, आणि आर्वीच्या कचेरीत कारकून होतो तेव्हा साहेबांनी नुसतं बोलावलं तरी मी आधी माफी मागायचो. लोक नावाला जागतात म्हणे. मी पहिल्यापासून झोपलेलाच.

तळेगावच्या आमच्या शेतकरी घरात हे नाव शिरलं ते आईच्या हट्टानं. माझ्याआधीचे दोन भाऊ, पंचांग पाहून देवांची नावं ठेवली होती तरी, वर्षाच्या आत गेले. तिसऱ्या खेपेला आईनं पंचांग गुंडाळून ठेवलं आणि गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात नवस बोलली, की पोर जगलं तर नाव इथला मुजावर ठेवील. मला तिथं नेलं तेव्हा मी निळा पडेस्तोवर रडत होतो म्हणे. म्हाताऱ्या मुजावराला दया आली असेल, नाहीतर गंमत सुचली असेल, तो म्हणाला, "बहादूर." मी जगलो. त्यात माझं कर्तृत्व शून्य, पण आईच्या लेखी तो नावाचा गुण.

पंचाईत झाली लग्नाच्या वेळी. मुलगी वर्ध्याची, वडील शाळेत इतिहास शिकवणारे. मुलगी मला फार आवडली होती. पोहे देताना तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. पण मास्तरांनी माझं नाव ऐकलं आणि बैठकीतच तास सुरू केला.

"हा शब्द आपला नव्हे. मध्य आशियातल्या गवताळ मैदानात तुर्कांच्या टोळ्या घोड्यावर जन्म काढत. जो एकटा शत्रूवर चालून जाई, त्याला ते हे नाव देत. मोगल दरबारात त्याचा किताब झाला. मग इंग्रजांनी तो खुशामत करणाऱ्यांना वाटला, रावबहादूर म्हणून. आणि आता शिट्टी वाजवत फिरणारा प्रत्येक गुरखा आपल्याला बहादूरच वाटतो. तर आपल्याकडे तो कोणत्या वाटेनं आला?"

बाबा म्हणाले, "बैलगाडीनं आला जी. गिरडवरून."

कोणी हसलं नाही. मास्तरांनी अट घातली: स्थळ मान्य, पण लग्नपत्रिकेवर नाव दुसरं हवं. "जावई मुसलमान की नेपाळी, असं शेजारी विचारतील. मी काय सांगू?"

घरी आईनं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. "दोन नावं पंचांगातूनच ठेवलीवती म्या. कुठी गेली ती? हे नाव काढलं अन् याले काई झालं, तर तो मास्तर देईन का मले दुसरा पोरगा?"

"आई, पंचवीस वर्षांचा झालो मी."

"मंग? जगून राह्यला तो त्याच नावानं ना?"

त्याच वर्षी सरकारनं आमचा अख्खा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घातला, कोणाचा केसही वाकडा झाला नाही. पण आईपुढे सरकारची काय कथा! नाव राखावं तर मुलगी जाते, मुलगी राखावी तर आई अन्न सोडते. मग मी मला साजेसा पराक्रम केला. मास्तरांना म्हणालो, "बदलतो." आईला म्हणालो, "नाई बदलत."

आमच्या पत्रिका आर्वीत छापल्या, त्यावर बहादूर. मास्तरांच्या वर्ध्यात छापल्या, त्यावर देव्हाऱ्यातलं एक सोज्वळ नाव. लग्नाच्या दिवशी आमच्याकडचे पाहुणे वर्ध्याला उतरले, मांडवावरची पाटी वाचली आणि भलत्याच्या लग्नात आलो म्हणून परत फिरले. मामा त्यांच्या मागं धावला. "अबे, कुठी चालले? नवरदेव आपलाच हाय, नाव तेवढं मास्तरचं हाय!"

हे ऐकून आईनं पाटी कोणाकडून तरी वाचून घेतली. "हे काऊन?" तिनं मला विचारलं. मी बाशिंग नीट करू लागलो. भटजी जाणते, त्यांनी दोन्हीकडे पाहून सगळे विधी नुसत्या 'वर' या शब्दावर भागवले.

पंगतीत मात्र सुटका नव्हती. घास भरवताना उखाण्यात नाव घ्यायचं. मास्तरांनी पोरीकडून माझं नवं नाव यमकासकट पाठ करून घेतलं होतं. ते तुपाचं भांडं घेऊन आमच्यासमोरच थांबले. पलीकडे आई पानाला हात न लावता बसली होती. नवरीनं जिलबीचा तुकडा उचलला आणि खणखणीत म्हणाली,

"दोन गावी दोन पत्रिका, नवरा मात्र एक,
खरं नाव सांगायला भितो आईचा लेक;
ज्या नावानं हे जगले, तेच घेते आज,
बहादूररावांना नसली, तरी मला आहे लाज."

बायका खो-खो हसल्या. मास्तरांनी शेजारच्याच्या पानात गरजेपेक्षा बरंच तूप ओतलं. आईनं वरणभाताचा पहिला घास घेतला.

आता माझी पाळी. इथं एक सांगायचं राहिलं. मंगळसूत्र झाल्यावर आईनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहवून घेतलं होतं आणि पेढे वाटले होते. माझ्या नावापायी दोन घरं हटून बसली; तिचं वीस वर्षांचं नाव मिनिटभरात गेलं. ते कुठून आलं होतं, हा विषय इतिहासाच्या मास्तरांनीही काढला नाही. मला ते जुनं नाव आवडायचं. कचेरीच्या वाटेवर मी ते पुटपुटत असे, यमकही जुळवून ठेवलं होतं.

जिलबी हातात धरून मी आईकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. आणि मग तांदळातलं नवं नाव घेतलं.

तिनं तोंड उघडलं नाही.

"घे ना बाई, जिलबी गोड हाय," मामा म्हणाला.

"असेल," ती हळूच मला म्हणाली. "जिचं नाव घेतलं, तिला भरवा."