नाकाने आखलेले डोळे

हे लिहायचंच नाय असं जवळजवळ ठरलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा डिलीट मारलं. मग वाटलं, "मी" म्हणून लिहिलं तर लाज वाटणार, पण "प्रतिक्षा" म्हणून लिहिलं तर तिच्यावर मनसोक्त हसता येईल. तर, प्रतिक्षा.

प्रतिक्षा जोह्याची. पेणच्या कॉलेजात बी.कॉम.ला, घरी गणपतींचा कारखाना, आणि दुसरीपासून डोळ्यांवर अशा जाड काचा की नवीन माणूस आधी काचांशीच बोलायचा. चष्मा काढला की तिला माणूस आणि विजेचा खांब सारखाच. पण एक काम तिला अख्ख्या कारखान्यात सगळ्यात भारी यायचं. मूर्तीचे डोळे आखायचं. चष्मा काढायचा, नाक मूर्तीच्या गालाला टेकेल इतकं जवळ जायचं, श्वास रोखायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची. तेवढ्या जवळून तिला ब्रशचा केस न् केस दिसायचा. सीझनभर तिच्या नाकाच्या शेंड्याला काळा रंग असायचा, तसाच घेऊन ती लेक्चरला बसायची.

हे ती शिकली चंद्रावती आत्याकडून. आत्या रोह्याजवळ वरशाला दिलेली, चष्मा तसलाच. दर सीझनला यायची, चष्मा बाजूला ठेवायची आणि डोळ्यांना बसायची. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फोनवर बाबांना म्हणाली, "मी नाय आली म्हणून काय झालं, माझे डोळे हायत की तिकडं." म्हणजे प्रतिक्षा.

आणि या डोळ्यांनी काय केलं? पेण स्टँडवर चष्मा पुसायला काढला असताना वर्गातल्या यज्ञेशला हात हलवला. तो बघेना, म्हणून आणखी हलवला. शेवटी रागाने जवळ गेली तर तो स्कूटरवर वाळत टाकलेला रेनकोट. खरा यज्ञेश मागे उभा राहून वडापाव खात सगळं बघत होता. संध्याकाळी घरात घोषणा, लेझर करणार. आई म्हणाली, सीझन होऊन जाऊ दे. पण प्रतिक्षाचं एकदा ठरलं की ती स्वतःचंही ऐकत नाय.

पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय करतेस?" ती म्हणाली, "कॉलेज." गणपतीचे डोळे काढते हे सांगायचं सुचलंच नाय. ते काय काम आहे का, ते तर घरचंच.

मशीनखाली झोपवलं. लाल दिव्याकडे बघ, हलू नकोस. जळलेल्या केसांसारखा वास आला, तशी तिने घाबरून मनातल्या मनात आरती सुरू केली, फक्त टाळ्या मनाबाहेर आल्या. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ताई, हात खाली. आरती नंतर."

परत येताना गाडीतून तिला सगळं दिसत होतं. झाडाचं पान न् पान. जिते स्टेशनची पाटी लांबूनच वाचली, मोठ्याने. मग गुटख्याची जाहिरात, मग समोरच्याच्या टी-शर्टवरचं. आई म्हणाली, "गो, वाचून झालं असल तर गप बस जरा."

धुळीत जायची बंदी संपली तेव्हा कारखान्यात मूर्तींची रांग डोळ्यांसाठी थांबलेली. शनिवारी टेम्पो येणार होता. प्रतिक्षा बसली. सवयीने हात कानाशी गेला, चष्मा नाय. नाक पुढे नेलं, तर मूर्ती धूसर. मागे आली, तर दिसलं, पण मागून हाताला काय करायचं तेच कळेना. तरी दोन मूर्ती आखल्या.

कारखान्यातल्या प्रविणदादाने बघितलं. "याची एसटी चुकलीय वाटतं."

"आणि तो?"

"त्याला कळलंय तू आखणार ते."

बाबा पुढे आले. ओलं फडकं घेतलं, दोन्ही मूर्तींचे डोळे पुसले आणि म्हणाले, "होतं असं." ती मोरीत जाऊन रडली, तर नवीन डोळ्यांत ड्रॉप टाकायची वेळ झाली होती म्हणून आईने बाहेर काढली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "नंबर गेला, छान झालंय. तो नंबर होता म्हणूनच तर तुला नाकाजवळचं मोठं दिसायचं. विचारलं होतं मी, काय करतेस."

आत्याला सांगायचं तोंड नव्हतं. पण तिच्याशिवाय विचारायचं कुणाला? बिनडोळ्यांची एक छोटी मूर्ती मांडीवर घेऊन प्रतिक्षा हमरापूरला गाडीत बसली. बाजूच्या बाईने विचारलं, "डोले कुठं गो याचे?"

"आखायला चाललेय."

"रोह्यापर्यंत?"

वरशाला आत्या खाटेवर पाय लांब करून बसलेली. सगळं ऐकलं आणि इतकी हसली की गुडघा धरला. "चार माणसं पैसे देऊन डोळे करून घेतात, आणि तू माझे डोळे देऊन आलीस व्हय?" प्रतिक्षा मुसमुसायला लागली तशी आत्याने आत हाक मारली, "ओ, तुमचा पेपरचा चष्मा द्या इकडं."

दत्तात्रेय काका कुरकुरत आले. म्हाताऱ्यांचा जवळचा चष्मा, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. प्रतिक्षाने घातला, मूर्तीजवळ नाक नेलं. ब्रशचा केस न् केस दिसला. एक डोळा आखला. मग दुसरा. आत्याने मूर्ती हातात घेऊन, चष्मा काढून, नाकाशी धरली.

"उजवा जरा झोपाळू झालाय," म्हणाली. "चालल. त्याला पण प्रवास झालाय."

टेम्पो शनिवारी भरून गेला. चष्मा घालवायला पनवेलपर्यंत गेलेली प्रतिक्षा सध्या कारखान्यात काकांचा चष्मा लावून बसते, नाकाला रंग आहेच, आणि यज्ञेश परवा ऑर्डर द्यायला आला तेव्हा तिला "मावशी" म्हणाला. काकांचा पेपर मात्र बंद आहे.

म्हणून एक काम करा. रोह्याला उतरलात तर वरशाला चंद्रावती आत्याकडे जा, काकांना थोडा पेपर वाचून दाखवा आणि आत्याशी गप्पा मारा. पण लवकर जा. तिचा गुडघा बरा होत आलाय, एकदा चालायला लागली की ती घरी सापडायची नाय.