पहिला नंबर कर्ण्यांचा

बसस्थानकात घोषणा करणाऱ्या संगणकात तीन साउंड कार्डं होती. एक फलाटांवरच्या कर्ण्यांचं, एक साहेबांच्या केबिनमधल्या स्पीकरचं आणि एक पडद्याबरोबर फुकट आलेलं. संगणकातली लिनक्स प्रणाली सुरू होताना जे कार्ड आधी जागं होई ते पहिलं, आणि घोषणा पहिल्यातूनच जाई. रोजची ही चढाओढ मामांनी एका फायलीत एक ओळ लिहून मोडून काढली: पहिला नंबर कर्ण्यांचा.

मामा त्या यंत्रखोलीत बावीस वर्षं होते. मामा हे नावही स्थानकानंच दिलेलं. नवे साहेब आले आणि भर बैठकीत हसले, "एका ओळीसाठी माणूस पोसायचा?" मामांची रवानगी मोडक्या सीटांच्या गोदामात झाली.

निघताना मामांनी ती ओळ खोडली. "माझी होती, मी नेली," घरी बायकोला म्हणाले.

"डूख धरू नका. जेवा आधी."

मामा जेवले नाहीत.

फाइल बदलली तरी मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत काही फरक पडत नाही. पाच दिवस कर्णे ठणठणीत बोलत राहिले आणि मामा गोदामात दातओठ खात बसले. सहाव्या सकाळी वीज गेली, आली, आणि कर्णे मुके झाले. साऱ्या गाड्यांच्या घोषणा साहेबांच्या केबिनमध्ये ठणाणा करू लागल्या. साहेब तोंडाशी हात धरून फलाटाफलाटावर ओरडत पळत होते. मामांनी गोदामाच्या दारात खुर्ची टाकली आणि तो तमाशा डोळे भरून पाहिला. काळजाला गार वाटलं.

दुपारी साहेब स्वतः आले. "मामा, चला. तुमची जागा परत घ्या. आत्ता लिहून देतो."

तेव्हाच नुसतं हो म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. पण मामांची भूक अर्धीच भागली होती. "येतो. पण टाइप तुम्ही करायचं, मी नुसतं सांगणार."

साहेब घामाघूम होऊन यंत्रखोलीतल्या स्टुलावर बसले. मामा मागे उभे राहून मुद्दाम एकेक अक्षर सांगत होते. चुकलं की मशीन बंद, पुन्हा सुरू, पुन्हा पहिल्यापासून. वर प्रत्येक चुकीचं कारण चारचौघांत फोड करून सांगणं. असं सात वेळा झालं. आठव्यांदा मामांनी तोंड उघडायच्या आत साहेबांनी ओळ लिहून टाकली. बाहेर कर्णे खणखणले.

साहेबांनी रुमालानं मान पुसली.

"जमलं की हो मला. बरं मामा, ते लिहून द्यायचं आता राहू दे. चारला सीटांची गाडी येतेय, तेवढी उतरवून घ्या."